पोपट पाळावा काय ?



शहापूर व मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत राहणाऱ्या मुलास पोपट कसा असतो हें चित्र दाखवून शिकवावें लागत नाहीं. माघ महिना लागला, सावरीवर तांबडीं फुलें आलीं, पळस फुलला, कीं सकाळीं शाळेच्या वाटेनें येतांना डोक्यावरून किंचाळत जाणारे हिरवे थवे प्रत्येकानें पाहिलेले असतात. आश्विनांत भात पिकूं लागलें म्हणजे हेच थवे खाचरांवर उतरतात, आणि माळ्यावरील राखणदाराची गोफण वाजतांच एकदम उठून रानाकडे पळतात. इतका हा पक्षी आपल्या ओळखीचा आहे.

परंतु ओळख असणें निराळें आणि ज्ञान असणें निराळें. उन्हाळ्याच्या तोंडीं एखादा मनुष्य टोपलींत झांकून आणलेलें पिलूं दाखवितो, "बोलावयास शिकेल" असें सांगतो, आणि मुलें आईबापांच्या मागें लागतात कीं आम्हांस हें घ्याच. आईबापांनाहि त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. कारण आजोबांच्या काळीं ओटीवर पिंजरा टांगलेला त्यांनीं पाहिलेला असतो. पोपट पाळावा कीं पाळूं नये, पाळला तर त्याची रोजची चाकरी किती, आणि पाळणाऱ्याचें कर्तव्य काय, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो या पाठांत करावयाचा आहे.

आपल्या रानांतील पोपट

आपण ज्यास राघू म्हणतों तो नेहमींचा पोपट शेपटीसह सुमारें चाळीस सेंटिमीटर लांब असतो. नराच्या गळ्याभोंवतीं काळी व गुलाबी कंठी असते; मादीस ती नसते. नरासहि ही कंठी जन्मतःच येत नाहीं, दोनतीन वर्षांचा झाल्यावर येते. याहून मोठा, जाड चोंचीचा व खांद्यावर तांबडा डाग असलेला तो करण पोपट. इंग्रजींत या जातीस शिकंदर बादशहाचें नांव दिलेलें आहे. तिसरा तुईया. हा अंगानें लहान असतो, आणि नराचें डोकें पिकल्या जांभळाच्या रंगावर गेलेलें असतें. सह्याद्रीच्या दाट झाडींत निळ्या पंखांचा पोपट आढळतो; हा पश्चिम घाटाखेरीज जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. आणि चिमणीएवढा लटकन पोपट तर झोपतांना वटवाघळाप्रमाणें उलटा लटकतो.

या सर्वांची शरीररचना झाडावरील जीवनास अनुरूप अशी आहे. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असल्यामुळें फांदी घट्ट धरतां येते, आणि एका पायावर उभें राहून दुसऱ्या पायानें फळ तोंडाशीं नेतां येतें. वरची चोंच कवटीस सांध्यानें जोडलेली असून हलते. म्हणून चढतांना तिचा उपयोग तिसऱ्या पायासारखा होतो. पहांटे विश्रांतीच्या झाडावरून निघावें, दाणा, फळें व फुलांतील मध शोधीत कोसच्या कोस उडावें, दुपारीं दाट सावलींत बसावें, सायंकाळीं पुन्हां शेंकडोंच्या मेळ्यानें एकत्र यावें, असा त्याचा दिनक्रम आहे. पोपट एकटा क्वचितच दिसतो. थवा हेंच त्याचें घर, आणि थव्याचा कलकलाट हीच त्याची भाषा.

पोपट घरटें बांधीत नाहीं. तो जुन्या झाडाच्या ढोलींत राहतो. पुष्कळदां ती ढोली तांबट किंवा सुतार पक्ष्यानें आधीं कोरलेली असते. पोपट ती रुंद करून घेतो. पौषापासून चैत्रापर्यंत त्याचा विणीचा हंगाम असतो. राघूची मादी चार ते सहा अंडीं घालते व सुमारें तीन आठवडे उबविते. निघालेलीं पिल्लें आंधळीं व उघडीं असतात. सहा-सात आठवडे आईबाप त्यांस भरवितात, तेव्हां कोठें तीं ढोलीबाहेर येतात. बाहेर आल्यावरहि कांहीं काळ तीं आईबापांच्या मागें मागें हिंडून कोणतें फळ खावें, ससाणा दिसतां कोठें लपावें हें शिकत असतात. म्हणजे त्यांचीहि एक शाळाच असते म्हणावयाची.

पिलूं ढोलींतून निघतें तेव्हां

बाजारांत येणारें पिलूं कोठून येतें ? आपल्या देशी पोपटांच्या बाबतींत उत्तर एकच आहे, तें ढोलींतून चोरलेलें असतें. रानांत कोंबडीच्या खुराड्यासारखें पोपटाचें खुराडें नाहीं. कोणी तरी झाडावर चढतो, ढोलींत हात घालतो, हात जात नसेल तर कोयत्यानें ढोलीचें तोंड फोडतो, आणि डोळे नुकतेच उघडलेलीं पिल्लें ओढून काढतो. फोडलेली ढोली पुढील वर्षीं पोपटाच्या उपयोगाची राहत नाहीं. पिल्लें टोपलींत एकावर एक कोंबून नेलीं जातात. त्यांतलीं कांहीं उष्म्यानें व उपासानें वाटेंतच मरतात. जें जगतें तें आपणांस दिसतें, आणि मेलेलीं दिसत नाहींत. म्हणून एक पोपट विकत घेणाऱ्यानें एकच पोपट घेतला असें समजूं नये. जीं वाटेंत मेलीं त्यांचेंहि मोल त्यानेंच भरलेलें असतें.

ही गोष्ट आजची नव्हे. सातव्या शतकांत हर्ष राजाच्या दरबारीं असलेल्या बाणभट्टानें संस्कृतांत 'कादंबरी' नांवाची जी कथा लिहिली (आपण मराठींत लांब कथेस कादंबरी म्हणतों तें याच ग्रंथाच्या नांवावरून) तिच्यांतील बराच भाग वैशंपायन नांवाचा एक पोपट सांगतो. त्यानें आपल्या बालपणाची हकीकत सांगितली आहे ती अशी : पंपा सरोवराजवळ एक प्रचंड शाल्मली वृक्ष होता, त्याच्या ढोल्यांत असंख्य पोपट राहत. एके दिवशीं शिकाऱ्यांची टोळी येऊन गेली. तिच्यांतला एक म्हातारा मागें राहिला, झाडावर चढला, आणि उडतां न येणाऱ्या पिल्लांस ओढून, मारून खालीं टाकूं लागला. वैशंपायनाच्या वृद्ध बापानें आपल्या पिलास पंखाखालीं झांकून घेतलें व स्वतः प्राण दिला. पिलूं वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडलें म्हणून वांचलें, आणि पुढें एका ऋषिकुमारानें त्यास पाणी पाजून आश्रमांत नेलें.

शाल्मली म्हणजे आपली सावर. माहुलीच्या पायथ्यास, तानसाच्या अभयारण्यांत, मुरबाडच्या घाटाखालील रानांत जी कांटेरी खोडाची सावर उभी आहे तिच्याच जातीच्या झाडावर ही कथा घडते. बाणानें ती पोपटाच्या तोंडून सांगविली यांत मोठें मर्म आहे. पिंजऱ्यासमोर उभे राहून आपण पोपटास आपले शब्द शिकवितों. त्याची हकीकत त्याच्या बाजूनें ऐकावी असें आपल्या मनांत येत नाहीं.

पाळणें आणि कोंडणें

येथें कोणी म्हणेल, "आम्ही गाय पाळतों, बैल पाळतों, कुत्रा व कोंबडीं पाळतों, मग पोपटानेंच काय केलें?" हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तरहि नीट दिलें पाहिजे.

गाय, बैल, कुत्रा हे प्राणी हजारों वर्षें पिढ्यान्पिढ्या मनुष्याच्या सहवासांत जन्मत आले आहेत. गोठा हेंच त्यांचें जन्मस्थान आहे. चरावयास सोडलेली गाय सायंकाळीं आपण होऊन परत येते, आणि कुत्र्यास हाकलला तरी तो दारांतच बसतो. पोपटाचें तसें नाहीं. पिंजऱ्यांतील देशी पोपटाचे आईबाप रानांत होते. तो मनुष्याच्या घरीं जन्मला नाहीं, आणला गेला. दार उघडें ठेवून जो प्राणी आपल्याजवळ राहतो त्यास पाळलेला म्हणावें, आणि दार लावल्यावांचून जो राहत नाहीं त्यास कोंडलेला म्हणावें, ही व्याख्या फार शास्त्रीय नसली तरी घरगुती विचारास पुरेशी आहे.

दुसरेंहि एक पाहा. पौष महिन्यांत म्हशाची यात्रा भरते. तेथें बैल घेणारा शेतकरी काय करतो ? बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. आणि बैल घेण्यापूर्वीं घरीं वैरण किती, पाण्याची सोय काय, गोठ्यांत जागा आहे कीं नाहीं, याचा हिशेब मनाशीं करतो. तोच शेतकरी मुलाच्या हट्टास्तव पोपट घेतो तेव्हां एकच प्रश्न विचारतो : "बोलतो का ?" बैल कामाचा म्हणून विचार, आणि पोपट खेळाचा म्हणून अविचार ! परंतु जीव दोघांसहि सारखाच आहे.

'विठू विठू' म्हणजे काय ?

पोपट बोलतो म्हणूनच तो पकडला जातो. तेव्हां त्याच्या बोलण्याविषयींहि थोडें जाणून घ्यावें. न समजतां पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आपण पोपटपंची करतो असें म्हणतों. परंतु पोपटावर यांत थोडा अन्यायच होतो.

पोपट आपल्या सोबत्यांचे आवाज ऐकून आवाज काढावयास शिकतो. थव्यांत एकमेकांस हांक मारण्यासाठीं त्याला या शक्तीचा उपयोग होतो. दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशांत लहान जातीच्या पोपटांवर झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ढोलींतील पिल्लें आपापली विशिष्ट हांक आईबापांकडून शिकतात; जणूं आईबाप त्यांस नांवेंच देतात. अमेरिकेंत आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें १९७७ पासून ॲलेक्स नांवाच्या आफ्रिकेंतील एका करड्या पोपटास शिकविलें. तो शंभरावर शब्द शिकला, वस्तूंचे रंग, आकार व संख्या सांगूं लागला. २००७ सालीं तो मेला तोंपर्यंत 'पोपटास कांहीं समजत नाहीं' ही समजूत पुष्कळ अंशीं ढासळलेली होती.

आतां विचार करा. ज्या पिलास आईनें आपल्या भाषेंत हांक मारावयाची, तें पिलूं आपल्या ओटीवर 'विठू विठू' म्हणतें. कां ? त्यास थवा उरलेला नाहीं. समोर दिसणारीं माणसें हाच त्याचा थवा, म्हणून तें माणसांची हांक शिकतें. आपण ज्यास करमणूक म्हणतों ती त्याच्या बाजूनें सोबत्याची याचना असते. उत्तर मिळालें नाहीं तर तें दिवसभर ओरडतें, गजांवर डोकें आपटतें, किंवा स्वतःचींच पिसें उपटूं लागतें. पिसें उपटणारा पोपट घाणेरडा किंवा खोडकर नसतो. तो दुःखी किंवा आजारी असतो.

रोजची चाकरी

देशी पोपट पाळण्यास कायद्यानें बंदी आहे, तें पुढें सांगावयाचें आहे. परंतु ऑस्ट्रेलियांतील बजरीगर (ज्यास बाजारांत लव्हबर्ड म्हणून खपवितात) व कॉकटेल हे पिंजऱ्यांतच पैदा केलेले पक्षी कित्येक घरीं असतात. १८४० सालीं जॉन गूल्ड यानें बजरीगर जिवंत इंग्लंडांत नेला, तेव्हांपासून त्याची पैदास माणसाच्या हातीं होत आली आहे. अशा पक्ष्याची निगा म्हणजे काय, तें घेण्यापूर्वीं प्रत्येकानें मोजून पाहावें.

पहिली गोष्ट जागेची. टांगलेला गोल पिंजरा शोभेचा असतो, सोयीचा नसतो. पक्षी आडवा उडतो, उभा नाहीं. म्हणून पिंजरा उंच असण्यापेक्षां रुंद असावा, आणि दोन्ही पंख पूर्ण पसरून दोनचार झेपा घेतां आल्या पाहिजेत. बसावयास गुळगुळीत सळई नको. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या असाव्या, म्हणजे पाय दुखत नाहींत व चोंचीस कुरतडावयास मिळतें. जस्ताचा निघणारा मुलामा किंवा शिशाचा रंग पोटांत गेल्यास विषबाधा होते.

दुसरी गोष्ट खाण्याची. भिजविलेली डाळ आणि हिरवी मिरची एवढ्यावर पोपटाचें भागतें ही समजूत चुकीची आहे. मिरची तो आवडीनें खातो, कारण पक्ष्यांस मिरचीचा तिखटपणा झोंबत नाहीं. पण तें त्याचें जेवण नव्हे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांनीं चरबी वाढते व अ जीवनसत्त्व कमी पडून डोळ्यांचे व श्वासाचे विकार होतात. नाचणी, वरी, भाताचे दाणे, मोड आलेलें कडधान्य, पालेभाजी, गाजर, पेरू, पपई असें मिश्र अन्न रोज ताजें द्यावें. चहांत बुडविलेली पोळी किंवा पाव, दूधभात, चॉकोलेट, खारे पदार्थ यांतलें कांहींहि देऊं नये. दूध पचविण्याची शक्ति पक्ष्यांस नसते, आणि चहा व चॉकोलेट हीं त्यांस विषच होत. पाणी दोन वेळां बदलावें. उन्हाळ्यांत आंघोळीसाठीं पसरट भांडें ठेवावें.

तिसरी गोष्ट हवेची. पक्ष्याचीं फुफ्फुसें फार नाजूक असतात. इंग्लंडांत कोळशाच्या खाणींत विषारी वायु ओळखण्यासाठीं कॅनरी पक्षी नेत. ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. माणसास कांहीं कळण्यापूर्वींच पक्षी बेशुद्ध होत असे. मग चुलीच्या धुराजवळ किंवा उदबत्त्यांच्या शेजारीं पिंजरा टांगणें कितपत योग्य, तें गृहिणींनींच ठरवावें. न चिकटणारा लेप दिलेला तवा रिकामाच फार तापला तर त्याच्या वाफेनें शेजारच्या खोलींतला पक्षीहि मरूं शकतो.

चौथी गोष्ट वेळेची. पिंजऱ्याचा तळ रोज साफ करावा लागतो. रात्रीं दहा-बारा तास शांतता व अंधार लागतो. दिवाणखान्यांत दूरदर्शन चालू असतां तो कसा मिळणार? दिवसा निदान दोन-चार तास कोणी तरी त्याच्याशीं बोलावें, त्यास बंद खोलींत मोकळें उडूं द्यावें. आणि पक्षी आजार लपवितो, कारण रानांत दुबळा दिसणारा आधीं मारला जातो. म्हणून तो पिसें फुगवून बसलेला दिसला कीं लगेच पशुवैद्याकडे न्यावें लागतें. पोपटांपासून माणसास होणारा एक तापहि आहे. १९२९-३० सालीं त्याची सांथ दक्षिण अमेरिकेंतील पोपटांबरोबर युरोप-अमेरिकेंत पसरली होती. म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणानें धुवावे व पक्ष्यास तोंडानें भरवूं नये.

पांचवी गोष्ट वर्षांची. बजरीगर पांच ते दहा वर्षें जगतो, कॉकटेल पंधरा-वीस वर्षें, आणि राघूजातीचे पोपट वीस-पंचवीस वर्षें किंवा अधिकहि जगतात. वीस वर्षें म्हणजे सात हजार तीनशें सकाळी. पांचवींतल्या मुलानें हट्टानें आणलेला पक्षी तो मुलगा शिकून नोकरीस मुंबईस गेला तरी घरींच असणार. मग त्याची चाकरी कोणाकडे ? बहुधा आईकडे, आणि तिला तर कोणीं विचारलेलेंच नसतें !

कायदा काय सांगतो

आपल्या देशांत वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ सालीं झाला. त्याच्या अनुसूचींत आपले सर्व देशी पोपट येतात. या कायद्यानुसार 'शिकार' याचा अर्थ केवळ मारणें असा नाहीं; पकडणें, फांसांत धरणें, अंड्यांस किंवा घरट्यास धक्का लावणें हीहि शिकारच होय. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार पूर्णपणें बंद आहे. २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. याखेरीज प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यांत कोणताहि प्राणी कोंडणें हा त्यान्वयें गुन्हा आहे. १९७६ सालीं आपल्या राज्यघटनेंत नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घालण्यांत आलीं. त्यांत सर्व सजीवांविषयीं दयाभाव बाळगणें हें एक आहे. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं एका प्रकरणांत पक्ष्यांस आकाशांत उडण्याचा हक्क आहे असें मत नमूद केलें. परदेशी जातींतील कित्येक पक्ष्यांची नोंद आतां सरकारदरबारीं करावी लागते. बजरीगर व कॉकटेल यांस ती लागत नाहीं.

एवढे कडक कायदे कां, असें कोणास वाटेल. उत्तर अमेरिकेंत कॅरोलायना नांवाचा पोपट एके काळीं मोठमोठ्या थव्यांनीं हिंडत असे. रानें तुटलीं, शेतकऱ्यांनीं थवेच्या थवे मारले, पिंजऱ्यासाठींहि पुष्कळ पकडले. शेवटचा पक्षी १९१८ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. ब्राझीलमधील निळा स्पिक्स पोपट रानांतून सन २००० च्या सुमारास नाहींसा झाला. पिंजऱ्यांत वांचलेल्यांची पैदास करून २०२२ सालीं तो पुन्हां रानांत सोडण्यांत आला. 'पुष्कळ आहेत' हें आज खरें असलेलें वाक्य उद्यां खोटें ठरूं शकतें, एवढें या दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल.

कांहीं आक्षेप

पहिला आक्षेप शेतकऱ्याचा : पोपट पिकाची नासाडी करतो, मग त्याची कींव कां करावी ? नासाडी होते हें खरें, आणि ती सोसणाऱ्यास उपदेश करणें सोपें आहे. पोपट जितकें खातो त्याहून अधिक कुरतडून टाकतो. भाताच्या लोंब्या तोडून नेतो, पेरूस भोंक पाडून सोडतो. म्हणून राखण करावी, बुजगावणें उभें करावें, गोफण वाजवावी. शेताचें रक्षण करण्याचा हक्क शेतकऱ्यास आहेच. परंतु ढोलींतील पिलूं विकत घेतल्यानें एकाहि लोंबीचें रक्षण होत नाहीं. शेताच्या रागाचें निमित्त करून पिंजऱ्याची हौस भागवूं नये.

दुसरा आक्षेप : रानांत घार व ससाणा खातो, पाऊस झोडपतो, घरीं तो सुरक्षित असतो. सुरक्षितपणा हेंच जर सर्व सुख असेल तर तुरुंगासारखें सुखाचें ठिकाण नाहीं. जेवण आयतें, वर छप्पर, दारास कुलूप. तरी तेथें कोणी आपण होऊन जात नाहीं.

तिसरा आक्षेप : आमचें त्याच्यावर प्रेम आहे. असेलहि. परंतु प्रेमाची कसोटी आपणांस किती आनंद होतो ही नव्हे. ज्याच्यावर प्रेम करावयाचें त्याचें हित होतें कीं नाहीं ही होय. मोशेच्या नियमशास्त्रांतहि वाटेवर पक्ष्याचें घरटें सांपडलें तर पिल्लांबरोबर आईला धरूं नये, तिला सोडून द्यावें, अशी आज्ञा आहे. इतक्या प्राचीन काळींहि घरट्यापाशीं मनुष्याच्या हातास मर्यादा घातलेली होती. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत आकाशांतील पांखरांकडे पाहावयास सांगितलें, पिंजऱ्यांतील नव्हे. आपल्या संतांनीं शिकविलेली भूतदयाहि याहून निराळी नाहीं.

घरीं आधींच पोपट असेल तर

ज्यांच्या घरीं देशी पोपट आहे त्यांनीं हा पाठ वाचून उत्साहाच्या भरांत पिंजऱ्याचें दार उघडूं नये. लहानपणापासून कोंडलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसतें. त्यास अन्न शोधतां येत नाहीं, शत्रु ओळखतां येत नाहीं. असा पक्षी सोडला तर सायंकाळपर्यंत कावळे किंवा मांजर त्यास मारतात. ती दया नव्हे, जबाबदारी झटकणें होय. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा, अथवा जवळच्या वनकचेरींत जाऊन कळवावें. जाणकार लोक पक्ष्याची तपासणी करून, उडण्याचा सराव देऊन, शक्य असल्यास त्यास थव्यांत सोडतात. तोंपर्यंत वर सांगितलेली निगा घ्यावी.

वाऱ्यानें किंवा झाड तोडल्यामुळें पिलूं खालीं पडलेलें सांपडलें तर काय करावें ? ढोली जवळच व शाबूत असेल तर मोठ्या माणसाच्या मदतीनें त्यास परत ठेवावें. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलास टाकते ही समजूत खोटी आहे. ठेवतां येत नसेल तर हवेशीर खोक्यांत मऊ फडकें घालून, सावलींत व मांजरापासून दूर ठेवावें, चोंचींत पाणी ओतूं नये (तें श्वासनलिकेंत जातें), आणि वरील क्रमांकावर कळवावें.

मग पोपटाची हौस कशी भागवावी ?

हौस वाईट नाहीं. तिचा मार्ग बदलावा. एक वही करावी. कोणत्या तारखेस सावर फुलली, त्या दिवशीं तिच्यावर कोणते पोपट आले, ढोलीच्या तोंडाशीं नर दिसला कीं मादी, सायंकाळीं गांवच्या वडावर किती थवे उतरले, हें लिहून ठेवावें. ढोलीपासून दूर उभें राहावें, दगड मारूं नये. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. तिच्यांत शाळेंतील मुलांसहि भाग घेतां येतो. घराच्या किंवा बांधाच्या कडेस उंबर, सावर, जांभूळ यांचें एक तरी रोप लावावें. जुनें, पोकळ झालेलें झाड सरपणास काढण्यापूर्वीं वडीलमंडळींनीं एकदां वर पाहावें. जें आपणांस निरुपयोगी लांकूड दिसतें तें कोणाचें तरी घर असतें. आपल्या भागांत नवे रस्ते व नव्या वसाहती होत आहेत, जुनीं झाडें कमी होत आहेत. अशा वेळीं राहिलेल्या ढोल्यांचें मोल अधिकच वाढतें.

पालकवर्गास एवढीच विनंति कीं मुलानें पिलाचा हट्ट धरला असतां नुसतें रागें भरूं नये. त्यास सकाळीं लवकर उठवून रानाच्या कडेस न्यावें आणि थवा दाखवावा. उडणारा पोपट ज्यानें नीट पाहिला, त्यास पिंजऱ्यांतला पोपट पाहून आनंद होणार नाहीं.

अभ्यासाचे प्रश्न

१. आपल्या परिसरांत आढळणाऱ्या पोपटांच्या तीन जातींचीं ओळखण्याचीं लक्षणें सांगा.
२. 'पाळलेला' व 'कोंडलेला' यांतील भेद स्वतःच्या घरच्या उदाहरणानें स्पष्ट करा.
३. बैल घेणारा शेतकरी ज्या गोष्टी पाहतो, त्या पक्षी घेणाऱ्यानें कां पाहाव्या ?
४. कोंडलेला पोपट एकदम सोडून देणें ही दया कां नव्हे ?
५. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून त्यांच्या लहानपणींच्या ढोलीच्या झाडांची यादी करा. त्यांपैकीं आज किती उभीं आहेत तें स्वतः जाऊन पाहा व लिहा.